‘पश्चिम’मधली वेलांटी अखेर च च्या कान्यावर उतरली

‘तलावपाळी’ हा आपला देवनागरी फॉन्ट, ठळक वजन, आवृत्ती ०.३७. मागची नोंद जिथे अडली होती तिथूनच पुढे. ‘ठाणे (पश्चिम)’ टाइप केलं की पहिल्या वेलांटीची कमान च च्या कान्यावर, म्हणजे त्याच्या उभ्या रेषेवर, न थांबता म च्या डोक्यावर जात होती. ठाण्याच्या पाट्यांवरून घडवलेल्या फॉन्टला ‘पश्चिम’ नीट लिहिता येऊ नये, हे फारच लागलं होतं. आता कमान जिथे टेकायला हवी तिथेच टेकते. चूक रेखाटनात नव्हतीच, ती लुकअपच्या, म्हणजे अक्षररूपं बदलणाऱ्या नियमांच्या, क्रमात होती.

आधी कमानीबद्दल, कारण या फॉन्टचा जीव तिच्यात आहे. जांभळी नाका आणि नौपाड्यात अजून टिकून असलेल्या हाती रंगवलेल्या पाट्या बघा: ‘गिरणी’, ‘किराणा’, ‘प्रिंटिंग प्रेस’. पेंटरची वेलांटी कंपासने काढल्यासारखी नसते. स्वतःच्या दांड्यावरून ती झपकन वर चढते आणि अक्षराच्या कान्याकडे सावकाश उतरते. सर्वांत उंच बिंदू मध्यावर नसतो, डावीकडे साधारण ३८ टक्क्यांवर असतो. अक्षर रुंद झालं तरी कमान त्या प्रमाणात उंच होत नाही, नुसती लांबते. छापील फॉन्टांत हा डौल क्वचितच दिसतो. लायनोटाइपवर, म्हणजे शिशाच्या ओळी ओतणाऱ्या जुन्या छपाईयंत्रावर, एका अक्षराचा भाग शेजारच्या अक्षरावर झुकवता येत नव्हता, त्यामुळे तिथे कमान तोकडीच राहायची. डोळ्यांना तिची इतकी सवय झाली की पुढच्या कित्येक फॉन्टांत ती तशीच चालून गेली. पेंटरच्या ब्रशला अशी अडचण नव्हती. तो कमान कान्यापर्यंत ओढतो आणि मोकळा होतो.

फॉन्टमध्ये हे ओढणं आधीच मोजून ठेवावं लागतं. वेलांटीच्या ग्लिफची (फॉन्टमधल्या एका रेखाटलेल्या आकाराची) रुंदी जिथे संपते तिथपासून मूळ अक्षराच्या कान्याच्या मध्यापर्यंतचं अंतर, त्याला या नोंदींत आपण ‘पोहोच’ म्हणतो. १००० युनिटच्या चौकटीत आपली सर्वांत कमी पोहोच र ची, २५०. सर्वांत जास्त ११८६, तीन व्यंजनांच्या जोडाक्षरांत. एकूण पल्ला ९३६ युनिटचा. पोहोच बघून निवडायच्या अशा सहा पर्यायी वेलांट्या केल्या तेव्हा प्रत्येकीच्या वाट्याला १५६ युनिट आले, म्हणजे चूक दोन्ही बाजूंना ७८ पर्यंत. कान्याची जाडी ९२ असताना ७८ ची चूक लांबूनही दिसते. बारा केल्या तेव्हा चूक ३९. आता अठरा आहेत, चूक २६, म्हणजे कान्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. पाटीच्या आकारातही ती खटकत नाही. अठराच्या पुढे जाण्यात अर्थ नाही.

अठरा कमानी काढताना एक सांभाळा: एकच कमान आडवी ताणून बाकीच्या बनवू नका. ताणली की दोन्ही टोकं जाड होतात आणि माथा सपाट पडतो. दोन्ही बाजूंची ९० युनिटं जशीच्या तशी ठेवून फक्त मधला भाग लांबवायचा. शिरोरेषेपासून माथ्याची उंची सर्वांत अरुंद कमानीत २३६, सर्वांत रुंद कमानीत २६२. वाढ जेमतेम २६ युनिटांची, पण ब्रशचा जोर तिच्यातूनच जाणवतो.

आता मूळ दुखणं. श् या अर्ध्या अक्षराची रुंदी ४१२, च चा कान्यापर्यंतचा भाग ४७०. पोहोच ८८२, त्यानुसार कमान निवडली गेली आणि इथवर सगळं बरोबर. पण आपल्याकडे श्च हे स्वतंत्र जोडलेलं ग्लिफ आहे आणि त्यात कान्यापर्यंतचं अंतर ५५५ आहे. वेलांटी निवडणारा लुकअप आधी चालायचा, श्च जोडणारा नंतर. वेलांटीला श् आणि च सुटे दिसले, तिने लांब कमान घेतली, मग मागाहून दोन्ही अक्षरं आक्रसून एक झाली. ८८२ वजा ५५५, म्हणजे कमान ३२७ युनिटं पुढे. म च्या डोक्यावर दिसायची ती हीच.

तीन आठवडे गेले ते यामुळे, की फीचर फाइलमध्ये, जिथे हे नियम लिहितात, मजकूर वर-खाली करूनही काही बदलत नव्हतं. हार्फबझ (मजकुरातून ग्लिफांची रांग लावणारं सॉफ्टवेअर) ‘प्रेस’, ‘एबीव्हीएस’, ‘बीएलडब्ल्यूएस’, ‘पीएसटीएस’ ही फीचर, म्हणजे लुकअपचे गट, एकाच टप्प्यात चालवतं आणि त्या टप्प्यात लुकअपच्या यादीतला क्रमांक पाळतं. कोणतं फीचर फाइलमध्ये आधी लिहिलंय याला तिथे किंमत नाही. आपला वेलांटीचा लुकअप फाइलच्या माथ्यावर वेगळा घोषित केलेला होता, त्यामुळे त्याचा क्रमांक कायम लहानच राहिला. उपाय दोन आहेत. एक, जोडाक्षरांचे लुकअप वेलांटीच्या आधी घोषित करायचे. दुसरा आणि जास्त खात्रीचा, श्च सारखी जोडाक्षरं ‘सीजेसीटी’ या जोडाक्षरांच्या फीचरमध्ये हलवायची. ते फीचर आधीच्या टप्प्यात संपतं, म्हणून वेलांटीची निवड सुरू होईपर्यंत जोडाक्षर तयार झालेलं असतं. दुसरा उपाय घेतला. असं काही संशयास्पद दिसलं तर एचबी-शेप या हार्फबझच्याच साधनात ट्रेस चालू करून बघा. प्रत्येक लुकअपनंतर ग्लिफांची रांग कशी बदलली ते छापून येतं. रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमधली पूर्वझलक बघत बसण्यापेक्षा हे दहापट उपयोगी आहे.

‘पश्चिम’ सुटल्यावर चाचणीची यादी पुन्हा चालवली. ‘क्लिनिक’, ‘मस्जिद’, ‘स्थिर’, ‘रिक्षा’ ठीक. ‘इलेक्ट्रिक’ चुकलं: ट्र हे ग्लिफ वेलांटीच्या एकाही वर्गात (कोणत्या ग्लिफांना कोणती कमान, त्या यादीत) नोंदलेलंच नव्हतं, म्हणून मूळची तोकडी कमान आली. रकार असलेली सगळी ग्लिफं वर्गांत आहेत का, हे आपापल्या फॉन्टमध्ये तपासून घ्या. ट, ठ, ड, ढ यांना पूर्ण कानाच नाही. तिथे शिरोरेषेखालच्या छोट्या उभ्या रेषेवर कमान टेकवली आहे. ‘ठिकाण’ त्याने शोभून दिसतं.

श आणि ल ची कोणती रूपं मूळ ठेवली, अशी मागे विचारणा झाली होती. राज्य शासनाच्या प्रमाण वर्णमालेप्रमाणे देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल हीच रूपं फॉन्टमध्ये मूळ म्हणून ठेवली आहेत, हिंदीची रूपं भाषेनुसार रूप बदलणाऱ्या ‘लोकल’ फीचरमध्ये हिंदीच्या नावाखाली. उलट करणं चूक ठरेल, कारण पाटी बनवणारा माणूस मजकुराला भाषा नेमून देत नाही. मराठी रूप भाषेच्या खुणेवर अवलंबून ठेवलं तर ते पाटीवर कधीच दिसणार नाही.

पुढची अडचण रफार अधिक वेलांटी. ‘निर्मिती’, ‘आर्थिक’, ‘वार्षिक’ हे शब्द टाळता येण्यासारखे नाहीत. म च्या कान्यावर कमान उतरते आणि त्याच जागी रफार उभा राहतो, परिणामी काळा गोळा. ठरलं होतं असं की रफारासह आणखी अठरा वेलांट्या काढायच्या आणि मूळ रफाराच्या जागी रिकामं ग्लिफ घालायचं. चार काढूनही झाल्या. पण पाट्यांचे फोटो पुन्हा बघताना लक्षात आलं की पेंटर रफार वेगळा काढतच नाही. कमान कान्याशी पोचली की तिथूनच ब्रश वर वळवतो. मग फॉन्टमध्येही एकच खास रफार पुरेल. त्याचा पाय रुंद ठेवायचा आणि तो नेहमीच्या अँकरने (खुणेच्या बिंदूने) कान्यावर बसवायचा. कमानीचं टोक कान्यापासून २६ युनिटांच्या आत असणार हे ठरलेलंच आहे. पायाची रुंदी कान्याच्या मध्यापासून दोन्हीकडे ६० ठेवली की फरक झाकला जातो आणि जोड एका फटकाऱ्यातला दिसतो. अठरा ग्लिफांचं काम एका ग्लिफवर आलं. त्या चार वेलांट्या काढून टाकल्या आहेत.

नियम लिहिताना लक्षात ठेवा: रफार ग्लिफांच्या रांगेत मूळ व्यंजनाच्या नंतर येतो आणि वेलांटी आधी. म्हणून रफाराच्या आधीचा संदर्भ तीन प्रकारे द्यावा लागतो: वेलांटी आणि व्यंजन, वेलांटी आणि एक अर्ध अक्षर आणि व्यंजन, वेलांटी आणि दोन अर्धी अक्षरं आणि व्यंजन. वेलांटीच्या वर्गात अठराही पर्याय घाला, नाहीतर निवड झाल्यानंतर नियम लागू होत नाही.

हीच युक्ती अनुस्वाराला चालेल असं वाटलं होतं, पण ‘प्रिंटिंग’ने अडवलं. टिंब कमानीला चिकटून चालत नाही, मध्ये किमान ४० युनिटं मोकळी हवीत. त्यासाठी संदर्भ बघून टिंब उजवीकडे सरकवणारा पोझिशनिंगचा नियम लिहायला घेतला आहे.

रेडियम कटिंगवर (चिकट रंगीत पट्टीतून अक्षरं कापतात तिथे) नमुना कापून घेतला. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर २० युनिटं चढवलेल्या आहेत, म्हणजे छपाईत फट पडत नाही. पण प्लॉटरची सुरी प्रत्येक आकाराची कड वेगळी कापते, आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. कमानही अक्षरावर चढते, तिथेही तेच. मजकूर आकारांत बदलल्यावर सगळं निवडून इंकस्केपमध्ये ‘युनियन’ किंवा कोरलमध्ये ‘वेल्ड’ केल्याशिवाय फाइल कापायला देऊ नका. दुकानात आपोआप होईल असं धरून चालू नका. आणि अक्षराची उंची ४ सेंटीमीटरच्या खाली असेल तर कमानीचं बारीक टोक सोलताना निघून येतं. त्या मापासाठी टोक १८ ऐवजी ३० युनिट जाड असलेलं रूप लागेल. वेगळं वजन करायचं की नाही हे ठरलेलं नाही. तुर्भ्याच्या बाजारातल्या ट्रकांवरची अक्षरं बघितल्यापासून मात्र टोकं सगळीकडेच गोल आणि बोथट ठेवावीत असं मन घेतंय. तसं झालं तर अठराही कमानींची टोकं नव्याने काढावी लागतील, आणि रफाराचा पाय पुन्हा मोजावा लागेल. आधी सर्वांत अरुंद आणि सर्वांत रुंद अशा दोनच कमानी गोल टोकाच्या करून ‘गिरणी’ आणि ‘पश्चिम’ कापून बघायचं आहे.