गणपती पेठेतली ती दुपार आणि अण्णांची वही

सांगलीत गणपती पेठेत एका किराणा-भुसारच्या होलसेल दुकानात मी दिवाणजी म्हणून लागलो तेव्हा पहिल्या दिवशी मालकांनी, म्हणजे अण्णांनी, तिजोरी दाखवायच्या आधी मला गादीमागचा कोपरा दाखवला. वाळूच्या दोन लाल बादल्या, जाड दोर, पोती ओढायचे हमालांचे चार लोखंडी आकडे, पहार, आग विझवायचं सिलिंडर आणि खिळ्याला टांगलेला चाव्यांचा जुडगा. चाव्या आमच्या नव्हत्याच, गल्लीतल्या निम्म्या दुकानांच्या होत्या, लोक अण्णांकडं विश्वासानं ठेवून जायचे. आणि एक वही. दिसायला खतावणीसारखी, लाल कापडाची, पण आत एका रुपयाचा हिशेब नाही. कुठल्या इमारतीचं मेन स्विच कुठंय, गॅसच्या टाक्या कुठल्या बाजूला, कुठल्या वाड्यातल्या विहिरीला अजून पाणी आहे, कोण म्हातारं माणूस कुठल्या खोलीत झोपतं, असलं सगळं.

बेवारस मयताला लाकडं देणं, हमालांच्या पोरांच्या फिया भरणं हे अण्णा करायचेच, पण आग म्हटलं की धंदा सोडून उठायचे. कितीही मोठं गिऱ्हाईक समोर बसलेलं असू दे.

तर मार्च एंडची दुपार होती. हळदीचा सीझन, म्हणजे बारदानाला, रिकाम्या पोत्यांना, मागणी, त्यामुळं आमच्यापासून चार दुकानं सोडून जे बारदानाचं गोडाऊन होतं ते आढ्यापर्यंत भरलेलं. मी बेरजा जुळवत बसलोय, अण्णा एका व्यापाऱ्याशी तुरडाळीच्या भावावर बोलतायत, आणि बोलता बोलता मधेच थांबले. नाक वर केलं. म्हणाले, "गोणपाट जळतंय." मला तर काहीच वास येत नव्हता. उठून दारात जातोय तोवर त्या गोडाऊनच्या पत्र्याच्या फटीतनं पिवळट धूर यायला लागलेला.

पुढची पाचसात मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. अण्णांनी स्वतः १०१ ला फोन लावला आणि नुसतं आग लागली असं नाही सांगितलं, काय जळतंय, गल्ली किती रुंद आहे, बंब कुठल्या तोंडानं आत येईल हे सगळं सांगितलं. मग मला म्हणाले, "पोरा, गल्ली मोकळी कर." हातगाड्या, स्कुटरी, एक टेम्पो तर कुलूप लावून ड्रायव्हर जेवायला गेलेला, तो आम्ही दहाबारा जणांनी मागून अक्षरशः उचलून उचलून बाजूला सरकवला. तेवढ्यात गोडाऊनचा मालक धावत आला आणि माल वाचवायला शटर उघडायला लागला, तर अण्णा त्याच्यावर ओरडले, मी त्यांना असं ओरडताना कधीच ऐकलं नव्हतं. "शटरला हात लावू नको! वारं मिळालं की सगळं एकदम पेट घेईल." त्याचा हात धरून ठेवला त्यांनी. तो बिचारा रडत होता हो, सीझनचा सगळा माल आत.

पोती शिवणाऱ्या बायका जेवायला बाहेर बसलेल्या, हातात दाभणं तशीच. त्या म्हणल्या आत कोणी नाही. मालक म्हणला कोणी नाही. अण्णांनी मला वही आणायला लावली, पान काढलं आणि बोट ठेवलं. पेन्सिलीनं लिहिलेलं, "माळा, मागची बाजू. रात्रीचा राखणदार दुपारी इथं झोपतो." मालकालासुद्धा हे माहीत नव्हतं.

मी जातो म्हणलं, शिडी लावून मागच्या खिडकीतनं. अण्णांनी मला दंडाला धरून मागं ओढलं. म्हणाले, "धुरात दोन श्वास घेतलेस की तूच पडशील, मग बंबवाल्यांना दोघांना काढावं लागेल. आत जायचं काम त्यांचं, त्यांना वाट करून द्यायचं आपलं." मला त्यावेळी राग आलता खरं सांगायचं तर. बंब आला, अण्णांनी जवानांना वहीतलं पान दाखवलं, शिडी आम्ही आधीच मागं लावून ठेवलेली, दोघं जण तोंडाला मास्क आणि पाठीला हवेचं सिलिंडर लावून खिडकीतनं आत गेले आणि त्या म्हाताऱ्याला घेऊन आले. बेशुद्ध होता. नाकाखाली काजळी. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, वाचला.

साडेचारपर्यंत जाळ विझला, संध्याकाळी बंब पाणी भरायला गेला, गर्दी पांगली. आणि मला वाटलं संपलं. अण्णांनी चहा सांगितला आणि आठ हमाल थांबवून घेतले, दुप्पट मजुरी स्वतःच्या खिशातनं. म्हणाले आता खरं काम.

अण्णांचे वडील तरुणपणी मुंबईत मस्जिद बंदरला एका पेढीवर कारकून होते. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन बोटीवर कापसाच्या गाठी धुमसत होत्या, दुपारपासून पाणी ओतत होते, पण धुरात आग नेमकी कुठं आहे तेच सापडेना, आणि त्याच बोटीत दारूगोळा भरलेला. चारच्या सुमारास बोट उडाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांच्याच आठवणीत १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. वडलांनी ते डोळ्यानं बघितलेलं. दरवर्षी त्या दिवशी चार वाजता अण्णा दुकानातला तराजू थांबवायचे, दोन मिनिटं. त्यामुळं गाठ वरून भिजली म्हणजे विझली, हे त्यांना कधीच मान्य नव्हतं.

रात्रभर थप्प्या उपसल्या. आकडा मारायचा, गाठ ओढायची, अण्णा हाताची पालथी बाजू तिच्यावर टेकवायचे, गार असली तर एका बाजूला, कोमट असली तर फोडायची. रात्री दोनच्या सुमारास एक गाठ आली, बाहेरनं पाणी निथळतंय, मी म्हणलं ही गार आहे. अण्णांनी हात टेकवला, थोडा वेळ ठेवला, आणि सुतळी कापायला सांगितली. गाठ उलगडली तर आत नारळाएवढा लालभडक निखारा, श्वास घेतल्यासारखा कमीजास्त होतोय. वारं लागल्याबरोबर फडफडून पेटला. पाणी मारलं, पुन्हा उलगडली, पुन्हा मारलं. असल्या सकाळपर्यंत अजून तीन निघाल्या, आणि त्या थप्पीला लागून जी भिंत होती तिच्या पलीकडं तीन बिऱ्हाडं झोपलेली.

सकाळी बंबावरचे साहेब परत बघायला आले, त्या उघडलेल्या गाठी बघून त्यांनी अण्णांना वाकून नमस्कार केला. अण्णांचे हात कोपरापर्यंत काळे, डोळे सुजलेले. घरी जाऊन आंघोळ करून साडेनऊला दुकानात हजर, आणि मला पहिला प्रश्न, काल बेरीज कुठपर्यंत आलती.

अण्णा २०१७ ला गेले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, पेठ बुडली, तेव्हा बोटीतल्या पोरांना कुठल्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय हे आम्ही त्याच वहीतनं वाचून सांगत होतो. ती वही आता माझ्याकडं असते, काही पानं पाण्यानं फुगलीत.

परवा कोपऱ्यावरच्या वाड्यात नवीन भाडेकरू आले. एक आजी आहेत, चालता येत नाही, मागच्या खोलीत झोपतात, खिडकीला गज आहेत. दुपारी जाऊन बघून आलो आणि लिहून ठेवलं.