फसवी सर्व्हिस: हात एकच, बॉल दोन

इंदूरच्या टेबल टेनिस क्लबांमध्ये बरीच पोरं सर्व्हिस फसवी करायची म्हणजे टॉसआधी बॅट चार वेळा नाचवतात. चांगला रिसीव्हर त्या नाचाकडे बघतही नाही. बॅट बॉलला लागते त्या क्षणावर त्याचा डोळा असतो, म्हणून फसवायचं तिथेच. सगळ्यात भरवशाची जोडी म्हणजे जड बॅकस्पिन (बॉल उलटा, मागे फिरणारा) आणि नो-स्पिन (बॉल न फिरणारा), दोन्ही हाताच्या एकाच हालचालीनं.

बॅकस्पिन आधी पक्की करा. तीच हलकी असेल तर नो-स्पिनला कोण फसणार? पेंड्युलम सर्व्हिसला, म्हणजे हात लंबकासारखा झुलवून केलेल्या सर्व्हिसला, बॅट अंगठा आणि तर्जनीत धरा, बाकीची तीन बोटं मुठीवरून सोडा. मनगट मोकळं होतं. बॉल बॅटच्या टोकाकडे, खालून, अगदी पातळ घासा. टोक मुठीपेक्षा वेगानं फिरतं, फिरकी तिथेच मिळते. हळू टाकलेला बॉल पलीकडे टप्पा पडून जाळीकडे परत यायला लागला, की समजा जमलं.

नो-स्पिनला हाताचा वेग तोच. फक्त बॉल मुठीजवळ घ्यायचा आणि घासण्याऐवजी किंचित ढकलायचा. हवेत बॉलवरचा छाप स्पष्ट दिसला तर फिरकी खरोखर नाही. इथे हात नकळत मंदावतो, आणि समोरच्याला तेवढं पुरतं. शिवाय बॉल लांब जातो, कारण टप्प्यावर त्याला रोखणारी फिरकी नसते. मग पकड आणखी सैल करा आणि बॉल जाळीच्या उंचीपर्यंत खाली आल्यावरच मारा.

आवाजही चुगली करतो. घासलेला बॉल जवळजवळ मुका, ढकललेला 'टक्' वाजतो. इंदूरच्या अभय प्रशाल या इनडोअर स्टेडियममध्ये शेजारच्या टेबलांच्या गलक्यात तो विरून जातो. एकाच टेबलाच्या खोलीत मात्र साफ ऐकू येतो. बॉल मारतानाच पाय आपटण्यामागे हेही एक कारण आहे.

बॉल सुटल्यावर बॅट लगेच वर न्या, टॉपस्पिन (बॉल पुढे फिरवणारा फटका) मारल्यासारखी. ही थाप बॉल लागल्यानंतरचीच हवी. आधी सुरू झाली तर बॉल खरंच वर उचलला जातो.

मोकळ्या हाताआड बॉल लपवणं 2002 पासून नियमात बसत नाही. उघड्या तळव्यावरून किमान 16 सेंटीमीटर सरळ टॉस, म्हणजे 15.25 सेंटीमीटरच्या जाळीहून जेमतेम जास्त. सवयीनं जरा उंचच टाका, अंपायरशी वाद नको.

पावसाळ्यात दमट हवेनं बॅटवरचं रबर घसरतं आणि तुमची बॅकस्पिन आपोआप नो-स्पिन होते, तीही तुम्हाला न सांगता. सर्व्हिसआधी रबर पुसा.

मॅचमध्ये सुरुवातीच्या सर्व्हिस बहुतेक जड बॅकस्पिनच द्या. समोरचा पुश करताना, म्हणजे बॉल खालून हलकेच परत ढकलताना, बॅट जास्त उघडायला (वरच्या बाजूला कलवायला) लागला, की नो-स्पिन. बॉल उंच उठेल. तिसऱ्या बॉलला, म्हणजे सर्व्हिस परत आल्यावरच्या तुमच्या पहिल्या फटक्याला, फोरहँड तयार ठेवा.