शेंडेनक्षत्राच्या मागे तीन संध्याकाळी

पहिल्या संध्याकाळी आम्ही धूमकेतू सोडून सगळं पाहिलं. चंद्र पाहिला, शनी पाहिला, दोन कृत्रिम उपग्रह पाहिले. तारीख १२ ऑक्टोबर २०२४. त्सुचिनशान-अ‍ॅटलास, म्हणजे सी/२०२३ ए३, त्याच दिवशी पृथ्वीच्या सर्वांत जवळ, साधारण ७ कोटी किलोमीटरवर होता. भाचीने निघताना विचारलं होतं, "मामा, नक्की दिसेल ना?" मी म्हणालो होतो, "दिसेल म्हणजे काय, उघड्या डोळ्यांनी दिसेल." परतताना गाडीत ती काही बोलली नाही. ताई मात्र बोलली.

चूक माझीच होती आणि ती अगदी साधी होती. मी जागा निवडली ती अंधार बघून. गावाच्या दिव्यांपासून लांब, चारी बाजूंनी डोंगर, मध्ये खोलगट दरी. एरवी तारे बघायला याहून चांगली जागा नाही. पण सूर्यास्तानंतर पाऊण तासाने हा धूमकेतू पश्चिमेला क्षितिजापासून मूठभरही वर नव्हता, आणि आमच्या पश्चिमेचा डोंगर दीड मूठ उंच होता. तो डोंगरामागेच मावळून गेला आणि आम्ही मात्र डोंगराच्या वरच्या आकाशात दुर्बीण फिरवत बसलो. वर चंद्र अर्ध्याहून जास्त उजळलेला. म्हणजे ज्या अंधारासाठी एवढं लांब आलो, तोही धड नव्हता.

मुठीचं माप ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी: हात पूर्ण लांब करून मूठ आडवी धरली की ती आकाशात सुमारे १० अंश झाकते. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली वीत सुमारे २० अंश. लहान मुलांचा हातही लहान आणि मूठही लहान, त्यामुळे हे माप त्यांनाही चालतं. आता मी कुठलीही जागा ठरवायच्या आधी तिथे दिवसा जातो, सूर्य मावळतो त्या दिशेला हात लांब करतो आणि डोंगर-झाडं किती मुठी खातात ते मोजतो. दोन मिनिटांचं काम. ते केलं असतं तर पहिली संध्याकाळ वाया गेली नसती.

तेजस्वी धूमकेतूंबद्दल एक गोष्ट आधी समजून घ्या. ते तेजस्वी होतात तेच मुळी सूर्याजवळ गेल्यावर, कारण तिथे बर्फाचा वायू होतो आणि वायूबरोबर धूळ उधळते. आणि सूर्याजवळ असतात म्हणजे आकाशातही बहुतेक वेळा सूर्याच्या आसपासच असतात. म्हणून ऐन भरातला धूमकेतू मध्यरात्री डोक्यावर दिसणं दुर्मीळ. तो दिसतो संधिप्रकाशात, क्षितिजालगत, आणि तेही थोडाच वेळ. मार्च १९९६ मधला ह्याकुताके याला अपवाद होता. तो पृथ्वीपासून अवघ्या दीड कोटी किलोमीटरवरून गेला, त्यामुळे रात्रीच्या आकाशात उंचावर मिरवला. पण त्या अपवादावर सहल आखू नये.

या धूमकेतूचंच बघा. २७ सप्टेंबरला तो सूर्याच्या सर्वांत जवळ, सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे ०.३९ पट अंतरावर होता. तेव्हा तो पहाटे पूर्वेला दिसायचा. ९ ऑक्टोबरच्या सुमाराला तो पृथ्वी आणि सूर्य यांच्या मध्ये आला आणि त्याच्या धुळीतून प्रकाश आपल्याकडे पुढच्या पुढे विखुरला गेला. खिडकीतून उन्हाची तिरीप येते, तिच्यासमोर उभं राहिलं की हवेतले कण कसे झगमगतात? तसंच. सर्वांत जास्त झळाळी तेव्हाच होती, पण सूर्याच्या इतक्या लगत की आपल्याला उपयोग नाही. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या कॅमेऱ्याने ती टिपली. मग तो संध्याकाळच्या आकाशात आला आणि रोज काही अंशांनी वर चढत, रोज थोडा फिका होत गेला. म्हणजे तेज हवं तर लवकर जा आणि क्षितिजाशी झगडा. उंची हवी तर थांबा आणि फिकेपणा सोसा. दोन्ही हवं असेल तर दोनदा जा.

आम्ही १४ तारखेला पुन्हा निघालो. या वेळी उघडं पठार, पश्चिमेकडे कडा, खाली सगळं मोकळं. दूरवर एका शहराचा उजेड दिसत होता. भाचीला त्याची काळजी वाटली. मी म्हटलं, "तो दक्षिणेला आहे, आपलं काम पश्चिमेला." चंद्र तर पौर्णिमेच्या तीन दिवस अलीकडचा, पाठीमागे लख्ख. तरी बिघडलं नाही, कारण धूमकेतू पहिल्या प्रतीच्या (प्रत हे तेजाचं माप; आकडा जितका लहान तितकं तेज जास्त) आसपासचा होता आणि आम्ही मुळात संधिप्रकाशातच बघणार होतो. चांदण्याने शेपटी आखूड होते, पण डोकं पुसलं जात नाही.

घड्याळातली वेळ मुद्दाम देत नाही. तुमचा सूर्यास्त वेगळा, माझा वेगळा. सगळं सूर्यास्तापासून मोजा.

वीस मिनिटांनी शुक्र ठळक झाला, डावीकडे, खाली. अर्ध्या तासाने उजवीकडे स्वाती दिसली. त्या दिवसापुरती धूमकेतूची खूण सोपी होती: शुक्र आणि स्वाती यांना जोडणारी रेघ धरायची आणि तिच्या साधारण मध्यावर बघायचं. उघड्या डोळ्यांना तिथे नुसतं नारिंगी-करडं आकाश होतं. मी १० बाय ५० ची (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) दुर्बीण घेतली आणि आडवी फिरवायला लागलो: डावीकडून उजवीकडे, मग थोडं वर, पुन्हा उजवीकडून डावीकडे. तिसऱ्या फेरीला तो सापडला. दुर्बिणीच्या गोलात अचानक एक टोकदार ठिपका आणि त्यातून सरळ वर गेलेला धुरकट झोत. मी काय बोललो ते आठवत नाही, पण ताईने माझ्या हातातून दुर्बीण काढून घेतली एवढं आठवतं.

एकदा दुर्बिणीतून जागा कळली की दहा मिनिटांनी तो डोळ्यांनाही दिसायला लागला. सूर्यास्तानंतर पंचेचाळीस-पन्नास मिनिटं, उंची दीड मूठ. इथे भाचीचा प्रश्न आला, "एवढाच?" खरं सांगायचं तर हा प्रश्न प्रत्येक धूमकेतूला ऐकावा लागतो, आणि त्याला जबाबदार आपण फोटो टाकणारे. फोटोत हिरवट डोकं दिसतं, कारण तिथले कार्बनच्या जोड-अणूंचे रेणू हिरवा प्रकाश देतात आणि कॅमेरा कित्येक सेकंद तो साठवतो. डोळ्याला इतक्या मंद उजेडात रंग कळत नाही. डोळ्याला दिसतो करडा, कापसाच्या पेळूसारखा पट्टा. "त्याच्याकडे सरळ बघू नकोस, जरा बाजूला बघ," असं सांगितल्यावर तिची शेपटी एकदम दुप्पट झाली. डोळ्याच्या मध्यापेक्षा कडेचा पडदा मंद उजेडाला जास्त जागा असतो. ही तिरकी नजर जमायला पाच मिनिटं लागतात, आणि ती जमेपर्यंत "दिसत नाही" असं कुणी म्हणू नये.

"मामा, तो पळत का नाही?" हाही ठरलेला प्रश्न. उल्का पळते, धूमकेतू पळत नाही. तो बाकी ताऱ्यांसारखा मावळतो. मात्र त्या दिवसांत त्याची चाल दिवसाला काही अंश होती, त्यामुळे दुर्बिणीतून शेजारचा तारा धरून ठेवला तर तासाभरात सरकलेला कळतो. आम्ही धरला, पण तासाभरात तो क्षितिजाच्या धुरकटीत गेला. ही धुरकटी हलक्यात घेऊ नका. क्षितिजापासून १० अंशांवर असलेल्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा पाच-सहा पट जाड हवेतून येतो. ५ अंशांवर जवळजवळ दहा पट. म्हणून कागदावर तेजस्वी असलेला धूमकेतू खाली गेला की मेणबत्तीवर फुंकर घातल्यासारखा जातो. पाऊस पडून हवा धुतली गेली असेल त्या दिवसाला सोन्याचा भाव द्यावा.

घरी येऊन फोटो मोठे केले तेव्हा एक बक्षीस मिळालं. डोक्याच्या खाली, सूर्याच्या बाजूला, सुईसारखी एक बारीक रेघ. ही प्रतिशेपटी. पृथ्वी त्याच दिवशी धूमकेतूच्या कक्षेची पातळी ओलांडत होती, आणि त्या पातळीत पसरलेली जाडसर धूळ आपल्याला कडेने दिसत होती. कागद समोरून धरला तर पसरट, कडेने धरला तर रेघ, तसं. डोळ्यांनी आम्हाला ती दिसली नव्हती. तारखा बघूनच गेलो होतो असं मी आता सांगतो. ते खरं नाही.

फोटोबद्दल थोडक्यात, कारण यावर लोक गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. फोन चालतो. तिपाईवर ठेवा, रात्रीचा मोड लावा, तीन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. कॅमेरा असेल तर ५० मिमीच्या आसपासची भिंग, ती जमेल तितकी उघडी, आयएसओ १६००, आणि ४ ते ६ सेकंद. त्याहून जास्त ठेवलंत तर पृथ्वीच्या फिरण्याने तारे रेघा ओढतात. संधिप्रकाश जास्त असेल तर वेळ कमी करा. फोकस हाताने, शुक्रासारख्या ठळक ठिपक्यावर करा आणि मग त्या रिंगला हात लावू नका. मी लावला. पहिले चाळीस फोटो कापूस आहेत. आणि पहिला फोटो काढायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बघा.

दुर्बीण ७ बाय ५० किंवा १० बाय ५० पुरते. मोठ्या टेलिस्कोपमधून उलट डोकंच दिसतं, शेपटी चौकटीबाहेर जाते. एक सूचना मात्र कडक: सूर्य पूर्ण मावळल्याखेरीज दुर्बीण पश्चिमेला वळवायची नाही. पहाटेच्या धूमकेतूला याहून जास्त सांभाळा, कारण तिथे सूर्य उगवायचा असतो आणि माणूस रंगलेला असतो.

तिसरी फेरी २१ ऑक्टोबरला, आणि ती मुद्दाम पहिल्याच दरीत. ताई म्हणाली, "पुन्हा तिथेच?" हो, कारण आता हिशोब उलटा झाला होता. धूमकेतू भुजंगधारी तारकासमूहात चढून अडीच-तीन मुठी वर आला होता, डोंगर त्याच्या वाटेत नव्हता. तो बराच फिका झाला होता, चौथ्या प्रतीच्या आसपास, त्यामुळे आता अंधारच हवा होता. आणि पौर्णिमा उलटून चार दिवस झाल्याने चंद्र सूर्यास्तानंतर सुमारे तीन तासांनी उगवणार होता. संधिप्रकाश संपायला सव्वा तास धरला तर हातात पावणेदोन तास निखळ काळोख. ही खिडकी मी आठवडाभर आधी काढून ठेवली होती. सल्ला एकच पाळायचा असेल तर हा पाळा: धूमकेतूच्या तारखांशेजारी चंद्रोदयाच्या वेळा लिहा.

डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि ती कमाई एका मोबाइलच्या पडद्याने जाते. आम्ही विजेरीवर लाल जिलेटिन कागद लावला होता. तरी कुणीतरी गाडीचं दार उघडलं, आतला दिवा लागला, आणि सगळ्यांची वीस मिनिटं पाण्यात गेली. तो दिवा बंद ठेवायचं बटण असतं. ते घरून निघायच्या आधी शोधून ठेवा. दव पडतं तेव्हा भिंगावर श्वास सोडू नका, दुर्बीण वापरात नसताना जाकिटाखाली ठेवा. अंगावर वाटतं त्यापेक्षा एक थर जास्त हवा. जमिनीवर पाठ टेकून दुर्बिणीने बघितलं तर हात थरथरत नाहीत; सतरंजी न्या.

आकाश दाखवणाऱ्या अ‍ॅपवर आंधळा भरवसा ठेवू नका. माझ्या फोनमधल्या अ‍ॅपच्या यादीत हा धूमकेतूच नव्हता. संगणकावरच्या स्टेलेरियममध्ये सोलर सिस्टिम एडिटर नावाचं प्लगइन आहे, त्यातून नव्या धूमकेतूची कक्षा आणता येते. ते आधी करून घ्या आणि तुमच्या जागेचा नकाशा कागदावर छापून न्या. तेजाच्या भाकितांवर त्याहून कमी भरवसा ठेवा. १९७३ मधल्या कोहोटेक धूमकेतूने लोकांची निराशा केली, आयसॉन २०१३ मध्ये सूर्याला वळसा घालताना विखुरला. या आमच्या पाहुण्याबद्दलही जुलै २०२४ मध्ये झ्डेनेक सेकानिना या जाणत्या अभ्यासकाने तो मोडणार असं लिहिलं होतं. मोडला नाही. म्हणून भाकीत ऐकून रजा टाकू नका, आणि रद्दही करू नका; शेवटच्या आठवड्यातली प्रत्यक्ष निरीक्षणं बघून ठरवा.

त्या रात्री उघड्या डोळ्यांना डोकं म्हणजे पुसट तारा होता. पण शेपटी! तिरक्या नजरेने भाचीने ती मुठीने मोजली, मग वितीने मोजली, आणि वहीत लाल उजेडात लिहिलं: अर्धी वीत, कदाचित जास्त. मला अर्ध्या वितीहून थोडी कमी वाटली. ताईला जास्त. वाद चालू असताना पूर्वेचा डोंगर कडेने उजळायला लागला. चंद्राचं टोक वर आलं, आणि शेपटी टोकाकडून आत आत विरत गेली. भाचीने वहीत आधीचं खोडलं नाही, खाली नवी ओळ लिहिली: चंद्र आल्यावर अर्धी मूठ. मग पाच मिनिटांनी अजून एक: आता बोटभर.