आमची वाटचाल : स्प्रिंग, लिमिटर पट्टा आणि एक बिनबर्फाचा हिवाळा

स्नोमोबाइलच्या, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या, शॉकमधलं (धक्के झेलणाऱ्या नळकांड्यातलं) तेल करडं झालंय का, हे उघडल्यावर कुणालाही दिसतं. आतला नायट्रोजन वायू 200 पीएसआय दाबावर टिकलाय की सील कधीचंच गेलंय, हे रॉड दाबला की हाताला कळतं. पण त्या शॉकवर बसणारा माणूस गाडी कशी चालवतो हे विचारल्याशिवाय पान्हा उचलायचा नाही, हा आमच्या वर्कशॉपचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. आमचं नाव झालं ते या नियमामुळे, आणि वैर ओढवलं तेही यामुळेच.

वर्कशॉप मिनेसोटात, डलुथच्या वर. लेक सुपीरिअरच्या कडेकडेनं डलुथहून ग्रँड मराईला जाणारी 146 मैलांची नॉर्थ शोर स्टेट ट्रेल ही स्नोमोबाइलची वाट आमच्या जवळून जाते. राज्यभरात अशा 22,000 मैलांहून अधिक ट्रेल आहेत. स्नोमोबाइल बनवणाऱ्या कंपन्यांपैकी पोलारिस 1954 पासून रोझोत, आर्क्टिक कॅट थीफ रिव्हर फॉल्सला, म्हणजे हा उद्योग या राज्याच्या घरचाच. गाड्या विकणारे इथे ढीगभर. शॉक उघडून, शिम (तेलाचा प्रवाह आवरणाऱ्या पातळ चकत्या) बदलून, चालकाला जुळवून देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चाकण पट्ट्यात दुचाकीच्या शॉकवर शिकलेलं डॅम्पिंग (स्प्रिंगची उसळी आवरणं) आणि इथल्याच एका निवृत्त लेथवाल्या भागीदाराचा हात, एवढ्या भांडवलावर सुरुवात झाली.

भागीदारांनी बनवलेली हत्यारं अजून रोज वापरात आहेत. रॉडच्या आट्यांवर चढवायची डेलरिन प्लास्टिकची निमुळती टोपी, म्हणजे नवं सील आट्यांवरून सरकताना चिरत नाही. वायसला लावायचे ॲल्युमिनियमचे मऊ जबडे. तेल आणि नायट्रोजन वेगळे ठेवणारा आतला तरंगता पिस्टन किती खोल बसवायचा त्यासाठी खुणा कोरलेली दांडी. हा पिस्टन चुकीच्या खोलीवर बसला तर एक तर शॉक पूर्ण दबताना त्याला जागा उरत नाही, नाहीतर नायट्रोजनचा दाब अपुरा पडून तेलाला फेस येतो. बाजारात यांतलं सगळं मिळतं, पण त्या दांडीवर आमचा जास्त भरवसा. बाकी दोन बाथरूमचे वजनकाटे आणि एक टेप. गाडीच्या पुढच्या दोन्ही स्की दोन काट्यांवर ठेवायच्या, ट्रॅकखाली, म्हणजे मागच्या फिरत्या रबरी बेल्टखाली, तितक्याच उंचीची फळी, चालक आपल्या नेहमीच्या जागी. उजव्या-डाव्या स्कीवर किती भार येतो ते समोर आकड्यांत दिसतं. मोठमोठ्या शोरूममध्ये हे दोन काटे सापडत नाहीत.

क्रम ठरलेला. आधी ट्रॅकचा ताण आणि स्कीचं अलाइनमेंट, कारण ते बिघडलेलं असेल तर वरची सगळी मेहनत पाण्यात. स्कीची टोकं आठवा ते पाव इंच बाहेर उघडलेली हवीत, आणि मोजताना टोकांना बंजी बांधून स्टिअरिंगमधला सैलपणा काढून घ्यायचा. मग सॅग, म्हणजे चालकाच्या वजनानं गाडी किती दबते ते. मागचा बंपर धरून गाडी उचलायची, स्प्रिंग पूर्ण मोकळ्या झाल्या की जमिनीपासून बंपरपर्यंत मोजायचं. नंतर चालक पूर्ण कपड्यांत, हेल्मेट-बुटांसकट बसतो, दोनचार हिसके देतो, पुन्हा माप. ट्रेलच्या गाडीला फरक तीन ते चार इंच यावा. जास्त आला तर मागच्या टॉर्शन स्प्रिंगचा (पीळ खाऊन भार पेलणारी स्प्रिंग) कॅम, म्हणजे तिचा ताण ठरवणारा ठोकळा, एक घर वर, दोन्ही बाजूंना सारखाच. शेवटच्या घरातही गाडी बसतच असेल तर स्प्रिंग बदलायची. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) वाढवला म्हणून स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त उंच होते. यावर रोज कुणीतरी वाद घालतोच.

सॅग बसला की मग चालकाची तऱ्हा. दिवसभर बसून, मागे रेलून मैल तोडणाऱ्याचं वजन मागच्या शॉकवर असतं आणि स्की हलक्या राहतात. त्याला मधल्या शॉकचा (ट्रॅकच्या आत पुढच्या बाजूला असतो तो) प्रीलोड कमी करायचा, वळणात तरीही पुढचं सरकत असेल तर लिमिटर पट्टा (ट्रॅकच्या आतल्या सस्पेन्शनचं पुढचं टोक किती खाली जाईल ते आवरणारा) एक भोक आवळायचा, कम्प्रेशन, म्हणजे शॉक दबतानाचा अडसर, मधल्या घरापासून दोन क्लिक मऊ. रस्त्याकडेच्या चरातून उभ्यानं गाडी पळवणारी पोरं वेगळी. दर घराच्या वाटेवर त्यांची एक उडी ठरलेली. त्यांना मागे कम्प्रेशन जास्त लागतं, कपलिंग (मागच्या सस्पेन्शनच्या पुढच्या-मागच्या भागांची जोड) घट्ट लागतं, नाहीतर थ्रॉटल दिला की नाक वर आणि उतरताना सगळा मार मागच्या शॉकला. गोठलेल्या तळ्यावर सरळ रेषेत पळवणाऱ्याला नेमकं उलटं हवं असतं: पट्टा सैल, कपलिंग मोकळं, भार झटकन मागे जाऊन ट्रॅक पकडला पाहिजे. वळणाशी त्याला देणंघेणं नसतं.

सगळ्यांना नडतो तो रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत उघडतानाचा अडसर. शनिवारी दुपारपर्यंत ट्रेलवर एकामागून एक खळगे पडतात. रिबाउंड जास्त असेल तर पहिल्या खळग्यात दबलेला शॉक दुसऱ्याच्या आत उघडतच नाही, पाचव्या-सहाव्या खळग्यापर्यंत तो तळाशी जाऊन बसतो आणि चालक म्हणतो, "स्प्रिंग मऊ आहे." तो स्प्रिंग आवळून घेतो, त्रास तसाच. दोन क्लिक रिबाउंड कमी केला की काम होतं. उलट बाजूनं, मागचं बूड लाथ मारल्यासारखं उसळत असेल तर रिबाउंड दोन क्लिक वाढवा. क्लिक नेहमी पूर्ण बंद केलेल्या स्थितीपासून मोजायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि टाकीच्या झाकणाखाली चिकटपट्टीवर लिहून ठेवायची.

पट्ट्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण गोंधळ तिथेच होतो. पट्टा आवळला की स्किडचं (ट्रॅकच्या आतल्या सस्पेन्शनचं) पुढचं टोक वर ओढलं जातं आणि स्कीवर भार येतो. सैल केला की स्की हलक्या. दोन पट्टे असतील तर दोन्ही एकाच भोकात, नाहीतर पुढचा आर्म पीळ खातो. पट्टा हलवला की ट्रॅकचा ताण पुन्हा मोजलाच पाहिजे. दरवर्षी काही मंडळी वायोमिंगच्या खोल बर्फात जाण्याआधी पट्टा सैल करतात. परत आल्यावर तो तसाच राहतो, आणि मग इथल्या वळणांवर गाडी ऐकत नाही म्हणून स्कीला शिव्या.

आता ज्यांच्याशी वैर ओढवलं त्या शोरूमबद्दल. नाव घेत नाही. हायवेवरचा मोठा डीलर, सुरुवातीची काही वर्षं त्यांचे शॉक आमच्याकडेच यायचे. मग त्यांनी स्वतःचं 'सस्पेन्शन काउंटर' थाटलं आणि भिंतीवर एक तक्ता लावला: चालकाचं वजन बघा, समोरचा आकडा लावा, नव्या गाडीसोबत फुकट. उभा चालवतो की बसून, मागे बायको बसते की नाही, असला एकही रकाना त्यात नव्हता. गरम शोरूममध्ये हॅंडल हलकं लागावं म्हणून मधल्या शॉकची स्प्रिंग जवळजवळ शेवटपर्यंत आवळलेली. त्यानं स्कीवरचा भार उतरतो, हॅंडल एका बोटानं फिरतं, गिऱ्हाईक खूश.

ट्रेलवर पहिल्याच वळणात पुढचं बाहेर सरकतं. गिऱ्हाईक परत येतं, त्याला लांब कार्बाइड (स्कीखालची बर्फ कापणारी कडक धार) विकला जातो. लांब कार्बाइडनं वळण सुधारतं, पण स्टिअरिंग जड होतं आणि कडक बर्फावर स्की जुन्या चरांमागे धावते. मग खाली दोन धारा (रनर) असलेल्या नव्या स्की. एवढ्यानंही मूळ दुखणं कायम, कारण मधली स्प्रिंग ताणलेलीच. गाडी मधल्या शॉकवर सी-सॉसारखी डोलते, स्की कधी टेकतात कधी नाही, आणि खळग्यात गुडघे मार खातात. तीन बिलं होऊन ते गिऱ्हाईक आमच्या दारात. आम्ही ती स्प्रिंग चार आटे सैल करायचो, जुना कार्बाइड परत बसवायचो आणि तासाभराची मजुरी घ्यायचो. धंद्याच्या हिशेबानं शहाणे कोण ठरले, ते तुम्हीच बघा.

एवढ्यावर थांबलं असतं तर तक्रार नव्हती. 'बाहेर शिम बदलून घेतलेत तर गाडीची वॉरंटी गेली' असं काउंटरवरून सांगायला सुरुवात झाली. अमेरिकेत 1975 चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. बाहेरच्या कामामुळेच तो बिघाड झाला असेल तरच त्या बिघाडाची वॉरंटी नाकारता येते. शॉकला हात लावला म्हणून इंजिनाची जात नाही. हे छापून आम्ही काउंटरवर ठेवलं. लोकांनी कागद वाचला, मान डोलावली आणि काम तिकडेच नेलं. फुकटापुढे कायदा कोण वाचतो!

त्यात 2023-24 चा हिवाळा आला. मिनेसोटाच्या नोंदींतला सर्वांत उबदार. ट्रेल 1 डिसेंबर ते 31 मार्च उघड्या असतात, पण जानेवारीत जमीन उघडी आणि ट्रेल सपाट करणारे ग्रूमर शेडमध्ये. इथली बेअरग्रीस कुत्रागाडी शर्यत आधी मार्चवर ढकलली आणि मग रद्दच केली. या धंद्यात माल भरतो ऑगस्टमध्ये, उधारीवर: टॉर्शन स्प्रिंगच्या जोड्या, सील किट, हायफॅक्सच्या (ट्रॅक ज्यांवरून घसरतो त्या प्लास्टिकच्या) पट्ट्या. पैसा येतो डिसेंबरनंतर. त्या वर्षी खोकी सीलबंद राहिली, रिबिल्डला दिलेले शॉक न्यायलाही कुणी फिरकलं नाही, आणि उधारी मात्र वेळेवर दारात. शोरूमला चारचाकी एटीव्ही विकायला होत्या, त्यांचं भागलं. भागीदारांनी त्याच वसंतात वाटा काढून घेतला. लेथ ठेवून गेले, तेवढं बरं. शोरूमकडून निरोप आला, तुमच्या स्प्रिंगा निम्म्या भावात घेतो. दिल्या नाहीत.

तगलो ते सायकलींवर. डलुथ माउंटन बाइकचं गाव, डोंगरभर ट्रेल. सायकलच्या शॉकमध्येही तेच तेल, तसाच तरंगता पिस्टन, तोच नायट्रोजन. सॅग मागे साधारण 25 ते 30 टक्के. सील लहान, बिल लहान, पण उन्हाळ्यात रोख. त्यानंतरची वर्षं नीट गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

त्या हिवाळ्यातही येत राहिलेलं एक गिऱ्हाईक म्हणजे इथल्या क्लबचा ग्रूमर चालवणारे एक काका. बर्फ नव्हतं तरी गाडी ट्रेलरवर घालून आणली. कपड्यांसकट 265 पौंड, कंबर दुखरी, गाडी 137 इंची ट्रॅकची. कॅम आधीच शेवटच्या घरात, तरी सॅग साडेपाच इंच. 0.359 इंची तारेच्या जागी 0.375 ची टॉर्शन स्प्रिंग बसवली. व्यास जेमतेम साडेचार टक्क्यांनी वाढतो, पण कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे सुमारे 19 टक्के. कॅम मधल्या घरात आणून सॅग साडेतीनवर आला. स्प्रिंग कडक झाली तर तिला आवरायला रिबाउंड वाढवावाच लागतो, तो दोन क्लिक वाढवला. मागचं उंच झाल्यानं काट्यांवर स्कीचा भार वाढलेला दिसला, म्हणून मधल्या शॉकचा प्रीलोड एक आटा चढवला. पट्ट्याला हात लावला नाही. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी क्लबातली निम्मी मंडळी आमच्याकडे वळवली. त्या शोरूमच्या कुठल्याही तक्त्यात 'दुखरी कंबर' हा रकाना नाही.

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगून ठेवतो. एअर शॉक गरम गॅरेजमध्ये भरू नका. 20 अंश सेल्सिअसला भरलेले 70 पीएसआय बाहेर उणे 20 ला 58 च्या आसपास येतात. गाडी तासभर बाहेर ठेवून, स्की जमिनीवरून उचलून मग भरा. पंप लावल्यावर काटा कमी दाखवतो कारण थोडी हवा नळीत जाते. शॉक गळतोय म्हणून घाबरू नका. थंडीत तेल घट्ट असतं, पहिली पाच मैलं गाडी कडक लागणारच, तेवढ्यात क्लिकर फिरवू नका. हंगाम संपला की मागचं स्टँडवर उचला. तेल 2,000 मैलांना बदला, उड्या मारत असाल तर त्याआधी.

आणि शॉक पाठवायचे तर मेमध्ये पाठवा. डिसेंबरात रांग लागते. हवा सोडू नका, आम्हाला आलेला दाब मोजायचा असतो. डावा-उजवा खुणा करा, बुशिंग आणि बाही सोबत टाका, आणि चिठ्ठीवर वजनाखाली लिहा: बसून चालवता की उभ्यानं, मागे कुणी बसतं का, आणि कंबर कशी आहे.