अटकपूर्व जामीन कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

'काही केलंच नव्हतंत, तर वकिलाकडे का धावलात?' निवृत्त झाल्यापासून हा प्रश्न मला लग्नात, हळदीकुंकवाला, एकदा तर ठाणे लोकलच्या लेडीज डब्यातही विचारला गेला. खऱ्याला कसली भीती, असा सूर. एकदाच सांगून टाकते.

मंत्रालयात मी कक्ष अधिकारी होते. 2019 च्या पावसाळ्यात आमच्या नस्तीतल्या, म्हणजे सरकारी फाईलमधल्या, एका गोपनीय टिप्पणीचा फोटो टीव्हीवर झळकला. कोपऱ्यात हिरव्या टॅगचं टोक, वरिष्ठांचा शेरा अर्धा कापलेला आणि समासात माझी आद्याक्षरं, स्वच्छ निळ्या शाईत. नस्ती सात टेबलांवरून फिरली होती. महाराष्ट्राला दिसली ती माझी सही. गुन्हा 'अज्ञात व्यक्ती'विरुद्ध दाखल झाला. पोलिसांनी पंचनामा करून ते मूळ पान नेलं आणि आम्ही सातहीजण जेवणाच्या सुट्टीत डबे वेगवेगळे खायला लागलो.

शासकीय गुपिते कायदा 1923 चा. त्याच्या कलम 5 खाली जास्तीत जास्त तीन वर्षं. खरं सांगते, त्या तीन वर्षांनी माझी झोप उडाली नव्हती. ती उडवली 48 तासांनी. सरकारी नोकर 48 तासांहून जास्त कोठडीत राहिला, की तो निलंबित झाला असंच मानतात. खरंखोटं नंतर. हे मला पाठ होतं, कारण दुसऱ्यांचे असे आदेश मीच टंकायला दिले होते. शुक्रवारी संध्याकाळी उचललं, शनिवारी रिमांड मिळाला, की सोमवारी मी निलंबित. निवृत्तीला एकोणीस महिने होते. तेव्हा खटला चालू असला तर पेन्शन तात्पुरती आणि ग्रॅच्युइटी अडकलेली. मुलुंडच्या घराचे हप्ते मात्र अडकत नाहीत.

म्हणून वकील. त्यांचं बसणं ओव्हल मैदानासमोरच्या सत्र न्यायालयात. ती इमारत म्हणजे जुनं सचिवालय, आमच्या मंत्रालयाचं आजोळच! अर्ज अटकपूर्व जामिनाचा, म्हणजे अटक होण्याआधीच मागायच्या जामिनाचा. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 438 खाली, आता नव्या संहितेत ते 482 झालंय. गुन्ह्यात नाव नसलं तरी अर्ज करता येतो, फक्त भीतीला काही आधार दाखवावा लागतो. त्यांनी अर्ज तयार केला, वकालतनाम्यावर माझी सही घेतली आणि कागद कपाटात ठेवला. "ताई, आत्ता दाखल केला तर सातांतलं एक नाव आपणच पोलिसांना देऊ. थांबा."

थांबणं जमायला हवं ना! मुलगा म्हणाला, व्हॉट्सअ‍ॅप साफ कर. वकिलांनी झापलं, सुप्रभातचं फूलसुद्धा पुसायचं नाही, पुरावा नष्ट केला म्हणतील. मग मी रात्री बसून स्वतःचेच जुने मेसेज पोलिसाच्या नजरेनं वाचायची. 'काम झालं, उद्या देते.' हे मी भावजयीला ब्लाउजबद्दल लिहिलं होतं. रात्री दोन वाजता ते भयंकर दिसतं.

महिनाभरानं साक्षीदार म्हणून बोलावणं आलं. कायद्यानं बाईला साक्षीसाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांनीच घरी यायचं. मीच म्हटलं, घरी नको, मी येते. सोसायटीच्या गेटवर जीप उभी राहिली असती तर निकाल तिथेच लागला असता. साडेतीन तास बसवलं, चहा दोनदा. नस्ती माझ्याकडे किती वाजता आली, झेरॉक्स मशीन कुठे, माझा फोन कुठला. मशीनचं उत्तर देताना उगाचच माझा आवाज चिरकला.

पुढे काहीच झालं नाही. आरोपपत्र आलं नाही, सुटलात असंही कोणी कळवलं नाही. अर्ज दाखल न होताच मी निवृत्त झाले.

गेल्या महिन्यात कार्यालयातून एका नव्या मुलीचा फोन आला. अभिलेख कक्षात नस्त्या लावताना तिच्या हाती आमची नस्ती लागली होती. "मॅडम, यातलं एक पान कमी आहे. तुमच्याकडे तर नाही ना राहिलं?"