तुम्ही विचारलंत म्हणून: खुन्यांची गाणी तुम्हाला ऐकवतात कशी?

घरी पाहुणे आले आणि मी जॉनी कॅश किंवा विली नेल्सन, म्हणजे अमेरिकन कंट्री संगीतातले गायक, लावले, की तासाभरात कुणीतरी विचारतंच: "चाल छान आहे हो, पण सारखे खून, तुरुंग, फाशी! ऐकवतं कसं तुम्हाला? गुन्हेगारांना डोक्यावर घेणारी गाणी ना ही?" चहा ओतता ओतता दिलेलं उत्तर दर वेळी अपुरं राहतं. आज सविस्तर सांगते.

आधी ह्या संगीताला चिकटलेल्या 'आउटलॉ', म्हणजे कायदा झुगारणारा, ह्या नावाबद्दल. सत्तरच्या दशकात कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलमधल्या रेकॉर्ड कंपन्यांचे निर्माते ठरवायचे की वादक कोण, मागे व्हायोलिनं किती, कोरस कुठे. वेलन जेनिंग्ज आणि विली नेल्सन यांचं भांडण ह्या कारभाराशी होतं. आपले वादक, आपल्या मनासारखं ध्वनिमुद्रण, एवढीच मागणी. १९७६ साली 'वॉन्टेड! द आउटलॉज' ही तबकडी आली, दहा लाखांवर खपली, आणि नाव कायमचं चिकटलं.

पण गोष्ट सांगायची त्यांची रीत नॅशव्हिलहून आणि टेक्ससहून फार जुनी आहे. तिच्यासाठी अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अ‍ॅपलाचियन डोंगरांत जावं लागतं. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडमधून आलेल्या लोकांनी तिथल्या दऱ्याखोऱ्यांत जुनी कथागीतं जपली. १९१६ ते १९१८ ह्या काळात सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलेस हे इंग्लंडचे लोकगीत-संग्राहक ती टिपून घेत तिथे हिंडले. आजीसमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं आणि ती गाईल तसं उचलायचं, अशी शिकायची पद्धत. साथीला बहुधा काही नाही, चेहऱ्यावर हावभाव नाहीत. नॉर्थ कॅरोलायनातल्या मॅडिसन काउंटीत ह्या गाण्यांना 'लव्ह साँग्ज' म्हणतात. त्यांत बुडवून मारलेल्या मुली असतात, सुरे असतात, तरी प्रेमगीतंच! मला ह्या नावात फार मोठं शहाणपण दिसतं.

'नॉक्सव्हिल गर्ल' घ्या. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात हे छापील पत्रकांवर विकलं जायचं. तिथे मुलगी गरोदर असते, म्हणून पोरगा तिला मारतो, आणि शेवटी तरुणांना उपदेश केलेला असतो. समुद्र ओलांडून गाणं डोंगरात आलं, गावाचं नाव बदललं, कारण गळून पडलं आणि उपदेशही गळाला. उरलं काय? दोघं फिरायला जातात, तो वाटेतली काठी उचलतो. रात्री घरी येतो. कपड्यांवर रक्त कसलं, आई विचारते. तो म्हणतो, नाकातून आलं. मग झोपायला जाण्यासाठी मेणबत्ती मागतो आणि दुखणारं डोकं बांधायला रुमाल. १९५६ साली लुव्हिन बंधूंनी हे इतक्या गोड जुळलेल्या दोन आवाजांत गायलं आहे की अंगावर काटा येतो. का मारलं, हे गाणारा शेवटपर्यंत सांगत नाही, आणि तो स्वतःच मारेकरी असतो. 'मी'नं सुरू होणारी गोष्ट, समर्थन नाही, रडणं नाही. आउटलॉ गायकांनी जो वारसा उचलला तो हा.

म्हणूनच १९७५ साली विली नेल्सननं 'रेड हेडेड स्ट्रेंजर' गिटार, पियानो आणि आणखी थोड्या वाद्यांवर केली. बायकोला आणि तिच्या प्रियकराला मारून भटकत राहिलेल्या धर्मोपदेशकाची गोष्ट अख्ख्या तबकडीभर पसरलेली आहे. कंपनीतल्या लोकांना वाटलं, हा कच्चा खर्डा असावा. स्टीव्ह अर्लच्या १९८८ च्या 'कॉपरहेड रोड'मध्ये तर डोंगरच आहेत. टेनेसीतल्या जॉन्सन काउंटीत आजोबा चोरून दारू गाळायचे, नातू व्हिएतनामहून परतून गांजा पिकवतो. तो काही माफी मागत नाही.

आता 'डोक्यावर घेणं' ह्या आरोपाकडे येते. १३ जानेवारी १९६८ रोजी कॅश कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर गायला. एका माणसाला केवळ मरताना बघायचं म्हणून गोळी घातली, ह्या 'फॉल्सम प्रिझन ब्लूज'मधल्या ओळीवर तबकडीत जल्लोष ऐकू येतो. तो नंतर स्टुडिओत जोडलेला आहे. प्रत्यक्षात त्या क्षणी कैदी गप्प होते. मला हे कळलं त्या दिवसापासून ती ओळ आली की मी ती शांतता ऐकायचा प्रयत्न करते.

त्याच मंचावर गायिका जून कार्टर होती. तिची आई मेबेल १९२७ साली ब्रिस्टलला, टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवर, कार्टर फॅमिली ह्या डोंगरातल्या गायक कुटुंबाच्या पहिल्या ध्वनिमुद्रणात गिटार घेऊन बसली होती. डोंगरापासून तुरुंगापर्यंतचं अंतर एका पिढीचं.

आणि त्याच दिवशी कॅश 'लाँग ब्लॅक व्हेल' गायला. हे गाणं १९५९ मधलं, डॅनी डिल आणि मॅरीजॉन विल्किन यांनी लिहिलेलं, पण वाटतं दोनशे वर्षांचं. मी एकदा आईला त्याचा अर्थ सांगत होते. ती गवार मोडत बसली होती. नगरभवनाच्या दिव्याखाली खून होतो. पळालेला माणूस ह्याच्यासारखा दिसत होता, असं सगळे सांगतात. न्यायाधीश विचारतो, तू कुठे होतास? तो बोलत नाही, कारण तो जिवलग मित्राच्या बायकोजवळ होता. फासावर जातो. ती गर्दीत उभी असते, डोळ्यांतून टिपूस काढत नाही. पुढे मात्र रात्री लांब काळ्या जाळीच्या पडद्याआड त्याच्या थडग्यावर येऊन रडते. आणि हे सगळं तो थडग्यातून सांगतोय.

आईचे हात थांबले. "अगं, तिनं तरी बोलायचं होतं."

"बोलली असती तर?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग पुन्हा गवार हातात घेतली. जेवणं झाली, भांडी झाली. रात्री दिवा मालवायला मी तिच्या खोलीत गेले, तेव्हा अंधारातून तिनं विचारलं, "ती अजून जाते का गं, त्याच्या थडग्यावर?"