प्रश्नाची पहिली ओळ

११ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटे साडेतीनला उठले. बाबा अजून वावरातच होते. या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची आहे, म्हणून हरभऱ्याचं ओलितही रात्रीच. आईनं उठून चहा मांडला, मला कप दिला आणि ती परत काही पडली नाही, कारण उजाडलं की तिला कापूस वेचायला निघायचं असतं. घरात माणसं तीन आणि तिघांच्या झोपा तीन वेळच्या.

सकाळी एफएमजीईची पूर्ण ग्रँड टेस्ट, म्हणजे सराव परीक्षा, दिली. बाहेरदेशी एमबीबीएस केलेल्यांना इथे डॉक्टर व्हायला एफएमजीई पास व्हावी लागते. ३०० पैकी १६१. पास व्हायला १५० लागतात, निगेटिव्ह मार्किंग नाही. जानेवारीच्या खऱ्या पेपरात मला १३८ होते, जुलैत १४६. चार मार्क कमी पडले. चार मार्कांनी सहा महिने जातात हे गावात कोणाला सांगून पटत नाही. पारावर बाबांना विचारतात, "पोरीच्या त्या पेपराचं काय झालं?" बाबा म्हणतात, "होऊन राह्यलं." मला मात्र त्यांनी आजवर एकदाही मार्क विचारले नाहीत. विचारतात ते एवढंच, "झोपली होती का थोडीशी?"

दुपारी चुका वहीत उतरवल्या. त्यातली एक: ऑर्गॅनोफॉस्फेटच्या (फवारणीच्या औषधातलं विष) विषबाधेत उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन कुठवर देत राहायचं? मी लिहिलं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होईपर्यंत. बरोबर उत्तर, छातीतला स्राव कोरडा होईपर्यंत. लाल पेनानं खूण केली आणि पान उलटलं.

ऑनलाईन क्लासचे सर सांगतात, प्रश्न लांबलचक असला की आधी शेवटची ओळ वाचा. १५० मिनिटांत १५० प्रश्न, असे दोन भाग. '४५ वर्षांचा शेतकरी, शेतातून घरी आल्यावर...' अशी सुरुवात वाचत बसलात तर वेळ पुरणार नाही. मीही तसंच करते. शेवटची ओळ, मग पर्याय, मग अडलं तरच वर. त्यानं मार्क वाढतात हे खरं आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दिवसभर पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्य. या विषयाला ३० मार्क आहेत. मेडिसिनला ३३, सर्जरीला ३२, गायनॅकला ३०. किर्गिझस्तानात असताना पीएसएमला मी विषयच मानलं नव्हतं, आणि दोन्ही वेळा मला याच विषयानं मागे ओढलं. आता रोज दोन तास यालाच देते.

नवजात बाळाच्या घरभेटी कोणत्या दिवशी, हे चार वेळा वाचून पाचव्यांदा विसरले. शेवटी मावशीला फोन लावला. ती दिग्रसकडे आशा आहे. ती पलीकडे भाकरी थापत होती, आवाज येत होता. म्हटलं, "मावशी, बाळ दवाखान्यात झालं तर तू किती वेळा जातेस?" तिनं थांबून विचारसुद्धा केला नाही. "तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. घरीच बाळंत झाली तर पहिल्या दिवशीही." मग म्हणाली, "हे तुमच्या डॉक्टरीत इचारतात?" तिचा आवाज एकदम बदलला. आपण रोज करतो ते मोठ्या परीक्षेत विचारतात, हे तिला आजच कळलं. मी तिला पुढचंही सांगितलं: गावातल्या शिकवलेल्या बाईनं घरी जाऊन बाळाला तपासायचं, ऊब द्यायची, श्वास मोजायचा, ही पद्धत आपल्याच विदर्भातल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं उभी केली, आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. त्यांच्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले होते. मावशी म्हणाली, "आपल्या गडचिरोलीत?" आणि मग भाकरी करपली म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी लॅथिरिझम वाचलं. खेसरी डाळ, बीओएए नावाचं विष, पायांचा ताठरपणा. एका ओळीचं उत्तर आहे, मी सहा वर्षं पाठ केलंय. पण खेसरी म्हणजे आमच्या मामाच्या गावची लाखोळी, हे माझ्या डोक्यात कधी जुळलंच नव्हतं. भंडाऱ्याकडे धान उभं असतानाच बांधीत ती फेकतात. मामाच्या घरामागं एक म्हातारे राहायचे, काठी टेकत चालायचे, पाय एकमेकांवर कात्रीसारखे पडायचे. लहानपणी आम्हा पोरांना वाटायचं, पडले असतील कधीतरी. त्यांना काय झालं होतं हे मी आज खात्रीनं म्हणू शकत नाही. तपासलंच नाही त्यांना कोणी. पण पुस्तकातले 'सिझर गेट', म्हणजे कात्रीसारखी चाल, हे शब्द वाचताना मला तेच दिसत राहिले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज काही झालं नाही. अ‍ॅनाटॉमीचे १७, फिजिओलॉजीचे १७, बायोकेमिस्ट्रीचे १७, एवढं नुसतं मोजत बसले. दुपारी लाईन गेली ती पाचला आली.

मन लागेना तेव्हा जुनी क्लिनिकची वही काढली. पहिल्याच पानावर देवनागरीत लिहिलंय: 'ग्दे बालीत?' म्हणजे रशियनमध्ये, कुठे दुखतं? तिकडे पेशंटशी बोलायला हे शिकलो. आम्ही वीस जण एका खाटेभोवती, पेशंट म्हातारी, ती रशियनपेक्षा किर्गिझच जास्त बोलणारी. ती दोन मिनिटं बोलायची, आमचा एक जण तिला रशियनमधून विचारायचा, मॅडम इंग्रजीत एक वाक्य सांगायच्या, आम्ही ते उतरवायचो. मधलं सगळं हवेत. मला अजून राहून राहून वाटतं, ती काय सांगत होती?

इथे आई संध्याकाळी म्हणते, "हातपाय गळून गेल्यासारखे झाले." काकू म्हणते, "डोळ्यापुढं अंधारी येते." कोणी म्हणतं "छातीत धकधक", कोणी "पोटात मुरडा". ही भाषा मला जन्मापासून येते. या भाषेत मी अजून एकही पेशंट तपासलेला नाही. पास झाले की महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी, मग वर्षभर इंटर्नशिप, तेव्हा कुठे तो हक्क येईल.

२२ नोव्हेंबर, शनिवार, रात्र

हात अजून थरथरतात, तरी आजच लिहायचं आहे.

चारच्या सुमाराला काकू ओरडत आली. शेजारचे काका तुरीवर फवारणी करून आले होते आणि अंगणात बसले ते उठेनात. तूर यंदा डोक्याच्या वर गेली आहे. नळी वर धरून मारावं लागतं, मग औषध तोंडावर, मानेवर येतं. पाठीवरचा पंपही गळका, सदरा कमरेपर्यंत ओला. मी गेले तर तोंडातून लाळ, अंग घामानं निथळतंय, दंडाचे स्नायू आपोआप उडतायत. मोबाईलचा उजेड डोळ्यांवर धरला. बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या.

४५ वर्षांचा शेतकरी, शेतातून घरी आल्यावर. काका खरोखर ४५ चे आहेत. मला त्या क्षणी तीच ओळ आठवली आणि पोटात गोळा आला.

मला काय करता येतं आणि काय नाही, हे मला स्पष्ट होतं. सुई मला लावायची नाही. माझ्याकडे ती नव्हती, आणि असती तरी मी लावली नसती. हाताला दोन प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, काकांचा सदरा कापून काढला, साबण आणि बादल्या मागवल्या, डोक्यापासून धुतलं. केस, कानामागे, नखं. कोणी मिठाचं पाणी पाजून ओकारी काढा म्हणत होतं, कोणी ताक आणलं होतं. मी सगळ्यांना थांबवलं, एका आजीवर ओरडलेसुद्धा. काकांना कुशीवर ठेवलं. १०८ ला फोन केला, त्यांना यायला वेळ लागेल असं कळलं, तेव्हा सरपंचांची गाडी मागितली. औषधाचा डबा फेकू नका, सोबत घ्या, हे मी तीनदा सांगितलं. डब्यावर पिवळा त्रिकोण होता. दुकानात कोणी तो बघत नाही, आणि लालच्या खालोखाल विषारी असा त्याचा अर्थ कोणी सांगतही नाही.

ग्रामीण रुग्णालयात ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी डबा पाहिला, डोळे पाहिले आणि अ‍ॅट्रोपिन सुरू केलं. मला विचारलं, "आपण कोण?" म्हटलं, "बाहेरून एमबीबीएस केलं आहे, सर. एफएमजीई व्हायची आहे." ते क्षणभर गप्प राहिले. मग गळ्यातला स्टेथोस्कोप काढून माझ्या हातात दिला. "मग उभ्या काय राहता? छाती ऐका. दर पाच मिनिटांनी मला सांगा."

मी ऐकलं. दोन्ही बाजूंना बुडबुड, पाण्यात फुंकल्यासारखी. त्यांनी डोस दुप्पट केला. पाच मिनिटांनी पुन्हा ऐकलं, पुन्हा दुप्पट. तिसऱ्या की चौथ्या वेळी डावीकडचा आवाज विरळ झाला. मी बाहुल्या पाहिल्या, त्या अजून बारीकच होत्या. म्हटलं, "सर, प्युपिल्स अजून..." ते म्हणाले, "बाहुल्यांच्या मागे लागायचं नाही. छाती कोरडी, नाडी ८० च्या वर, काख कोरडी. तेवढं बघा."

अकरा तारखेला लाल पेनानं लिहिलेलं वाक्य मी आज कानानं ऐकलं.

साडेसहाला १०८ मधून त्यांना यवतमाळला पाठवलं. काकू सोबत गेली.

२३ नोव्हेंबर, रविवार

काका आयसीयूत आहेत, पण शुद्धीवर आहेत. पाम सुरू आहे, असं काकूनं फोनवर सांगितलं. तिला पाम म्हणजे काय ते माहीत नाही. मी तिला सांगितलं, विषानं शरीरातलं एक एन्झाईम बांधून ठेवलंय, ते सोडवायचं औषध आहे, आणि ते लवकर मिळालं हे फार चांगलं झालं. तिनं दोनदा विचारलं, "लवकर मिळालं नं?"

२०१७ मध्ये मी बारावीनंतर नीटची तयारी करत होते. त्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं वीसपेक्षा जास्त माणसं गेली, शेकड्यांनी दवाखान्यात पडली. पेपरात रोज बातमी असायची. मी तेव्हा बायोलॉजीत अशा विषानं शरीरात साचणारं रसायन, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन वाचत होते. बातमी आणि धडा एकाच टेबलावर पडलेले असायचे, आणि मला दोन्हींचा काही संबंध दिसला नव्हता.

गावात कालपासून लोक मला डॉक्टरीणबाई म्हणायला लागलेत. आज सकाळी दोघं बीपी दाखवायला आले. मी नाही पाहिलं. हात जोडून सांगितलं, अजून मला तो अधिकार नाही, उपकेंद्रात जा. आईला थोडं वाईट वाटलं. पण माझं मत पक्कं आहे. माझ्यासारखे कितीतरी जण म्हणतात की ही परीक्षा आमच्यावर अन्याय आहे. दोनदा नापास होऊनही मला तसं वाटत नाही. परवापर्यंत मी बाहुल्यांवर खूण करत होते. काल डॉक्टरांच्या जागी मी असते तर बाहुल्या मोठ्या होईपर्यंत देत राहिले असते, आणि काकांचं काय झालं असतं ते मला माहीत आहे. ज्याला हे माहीत नाही त्याच्या हातात सुई देऊ नये, हे योग्यच आहे. फक्त अंग कसं धुवायचं, ताक कसं थांबवायचं, काकूशी फोनवर काय बोलायचं, हे ३०० प्रश्नांत कुठेच नाही. ते इंटर्नशिपच्या वर्षात शिकायचं आहे, आणि त्या वर्षाची मी आता वाट बघते आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काका काल घरी आले. ओसरीत बसले होते, बारीक झालेत. मला पाहून काही बोलले नाहीत, नुसता हात वर केला. काकूनं वाटीभर तुरीच्या शेंगा दिल्या, आणि मग स्वतःच म्हणाली, "ह्या फवारलेल्या नाहीत वं."

सोमवारपासून माझी वाचायची रीत बदलली आहे. प्रश्नाची पहिली ओळ वगळवत नाही. वेळ जातो. कालच्या टेस्टमध्ये शेवटचे नऊ प्रश्न राहिले, मार्क १५८. आधीपेक्षा तीन कमी. सरांना हे सांगितलं तर रागावतील, आणि त्यांचं चूक नाही. वेग वाढवावा लागेल, पण ओळ सोडायची नाही, एवढं ठरवलंय.

आज रात्री बाबांची पुन्हा ओलिताची पाळी. मी त्यांचे गमबूट काढून उंबऱ्याशी ठेवले, टॉर्चचे सेल बदलले. म्हणाले, "बूट चिखलात जड होतात." म्हटलं, घाला. मग स्वतःच विचारलं, "बरं, चावलाच तर काय करू, सांग बरं मले." मी सांगितलं: बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, पाय हलवायचा नाही, मांत्रिकाकडे नाही, लगेच मला फोन. त्यांनी बोटांवर मोजत सगळं परत म्हणून दाखवलं, एकही चुकलं नाही. मग बूट घातले आणि गेले.

सव्वाबाराला मोटरचा आवाज आला. मी टॉक्सिकॉलॉजीचे प्रश्न उघडले. पहिलाच: 'जमिनीवर झोपलेली ४० वर्षांची स्त्री, पहाटे पोटात दुखू लागलं, पापण्या उघडत नाहीत, अंगावर चावल्याची खूण दिसत नाही.' उत्तर मण्यार. ते मला येत होतं.

आई मधल्या खोलीत खाली सतरंजीवर झोपली होती. वेचणीच्या दिवसांत पाठ दुखते म्हणून ती खालीच झोपते. मी ओसरीतली खाट उचलून आत आणली, भिंतीपासून लांब ठेवली, तिची गोधडी वर अंथरली आणि तिला उठवलं.

"काऊन वं, काय झालं?"

"काही नाही. वर निज."